देवाला सोडलेली राई देवळासाठी तोडायची का?

प्रश्न: आमच्या गावचं (ता. संगमेश्वर) ग्रामदेवतेचं कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलंय. फंड कमी पडतोय म्हणून काही मंडळी म्हणतायत देवरहाटीतली (देवाच्या राईतली) जुनी झाडं ठेकेदाराला देऊ, लाकूड देवाचं आणि पैसा पण देवाच्याच कामाला. म्हातारी माणसं नको म्हणतात. देवाला सोडलं म्हणजे नक्की काय असतं?

उत्तर: म्हातारी माणसं बरोबर बोलतायत. देवाला सोडणं म्हणजे त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला, ती आता आपल्या सोयीने मोडायची नाही. देवाला सोडलेला वळू बघा ना, त्याला कोणी औताला जुंपत नाही आणि पैसे देवळात भरतो म्हणून बाजारातही नेत नाही, मग राईला वेगळा न्याय कशाला?

याचा अर्थ राईतल्या कशालाच हात लावायचा नाही असं पण नाही हां. मावळात आजिवलीला वाघजाईची देवराई आहे, तिथे भेर्ली माडाची माडी काढतात पण माड उभाच राहतो. कोकणात बऱ्याच गावांत देवळाच्या वाशाला एखादं झाड लागलं तर आधी कौल लावतात, गुरव पाषाणाला कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळा गाव कुठली कळी आधी पडते ते बघत उभा राहतो. म्हणजे एका झाडासाठी सुद्धा विचारायचं, आणि देव नाही म्हणू शकतो हे मान्य करून विचारायचं. ठेकेदाराशी रेट ठरवून मग कौल लावला तर ते विचारणं झालं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१९७०च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया फिरून अभ्यासल्या, आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी या राया टिकल्या होत्या, त्या लोकांनी पाळलेल्या या बंधनामुळेच. तुमच्या राईतला बेहडा, सातवीण, किंजळ एकदा नीट बघून या, अशाच जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला चिणून घेऊन अंडी उबवते, ते झाड गेलं की तिने जायचं कुठे?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आधी सातबारा काढा, कारण राई कुठे देवस्थानच्या नावावर असते, कुठे सरकारच्या तर कुठे खासगी. कायद्याने देवता स्वतः मालमत्तेची मालक असू शकते, विश्वस्त फक्त कारभारी. ट्रस्ट नोंदलेला असेल तर जमीन विकायला १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. झाडतोडीसाठी १९६४चा वृक्षतोड कायदा वेगळा आहे, त्यासाठी वनखात्यात चौकशी करा.

फंडासाठी मुंबईकर मंडळींना पत्र टाका, आणि जुनं कौलारू देऊळ दुरुस्त होतंय का तेही एखाद्या जाणत्या सुताराला दाखवा. ठेकेदाराकडून ॲडव्हान्स घेतला असेल तर तो मात्र गावच्या बैठकीच्या आधीच परत करा, म्हणजे सगळ्यांना मोकळेपणी बोलता येईल.