वय वाढलं की आजूबाजूच्या आवाजांनी लक्ष जास्त विचलित होतं का?

होतं, पण सरसकट नाही. मागे कुणी बडबडत असताना आकडे क्रमाने लक्षात ठेवायला सांगितले, तर तरुणांचाही गोंधळ उडतो आणि साठीच्या माणसांचाही, साधारण तितकाच. फरक जाणवतो तो अचानक वेगळा आवाज आला की. एकसुरी टिकटिक चालू असताना मध्येच ‘टिंग’ वाजलं, तर लक्ष तिकडे जातं आणि हातातल्या कामावर परत यायला वय झालेल्यांना जास्त वेळ लागतो.

१९८८ मध्ये लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की वयानुसार नको ती माहिती अडवण्याची मेंदूची क्षमता कमी होते. मला हे बरंचसं पटतं, पण सगळा दोष मेंदूला देऊ नये. उतारवयात उंच पट्टीतले आवाज आधी कमी ऐकू येतात, त्यामुळे ‘स’, ‘फ’सारखी व्यंजनं निसटतात. मग टीव्ही चालू असताना समोरच्याचं बोलणं जुळवण्यातच सगळी शक्ती जाते. म्हणून ‘आईचं हल्ली लक्षच नसतं’ असं कृपया लगेच म्हणू नका. आधी टीव्ही बंद करा, समोर बसून बोला आणि कानांची तपासणी करून घ्या.