फ्रान्सची ग्रुप टूर ठरवताय? आधी बसचे तास मोजा

गेल्या वेळी मी लिहिलं होतं की फ्रान्स म्हणजे फक्त आयफेल टॉवर नाही, पॅरिसच्या बाहेरचे जुने प्रांत बघायला हवेत, आणि त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. मी स्वतः मराठी ग्रुपबरोबर तीनदा तिकडे गेलेय, दोनदा प्रवासी म्हणून आणि एकदा ग्रुपला मदत करायला, त्यामुळे जे बघितलंय तेच सांगते.

प्रश्न : ताई, मी ६८ वर्षांचा, ही ६४ ची. मुलीने आमच्यासाठी "ऐतिहासिक फ्रान्स" अशी ९ रात्रींची टूर बघितलीय. पॅरिस २ रात्री, मग रुआँ, माँ साँ मिशेल, तूर, सार्ला, कार्कासोन, आव्हिन्याँ आणि नीस प्रत्येकी एक रात्र. हिचे गुडघे दुखतात. मुलगी म्हणते एवढ्या पैशात एवढं कुठे मिळणार. तुमचं काय मत? (सातारा)

उत्तर : काका, स्पष्ट सांगते, ही टूर घेऊ नका. मुलीचं प्रेम कळतं पण हा कार्यक्रम नकाशावर बोट फिरवून केलेला आहे. मी अंतरं मांडून बघितली, सगळं मिळून सतराअठराशे किलोमीटर होतात, आणि पॅरिस सोडल्यावर रोज सकाळी बॅग भरायची, रोज रात्री नवं हॉटेल. तूर ते सार्ला हा एकच टप्पा पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे.

आता एक गोष्ट जी टूरवाले आधी नीट सांगत नाहीत. युरोपात बसच्या ड्रायव्हरला कायद्याने दिवसाला ९ तासच गाडी चालवता येते (आठवड्यात दोनदा १० तास चालतात), साडेचार तास चालवली की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि रात्रीची विश्रांती साधारण ११ तासांची. हे सगळं गाडीतल्या मशिनमध्ये नोंदलं जातं, तिथे "भाऊ जरा अर्धा तास थांबा ना" चालत नाही. म्हणजे सकाळी कोणाचा तरी नाश्ता लांबला तर तो वेळ बसच्या वेळातून नाही कापला जात, तो तुमच्या बघण्यातून कापला जातो. माझ्या पहिल्या टूरला हेच झालं, आम्ही शेनाँसोला पोचलो तेव्हा हातात ५० मिनिटं होती. आतापर्यंत जेवढे महाल बघितले त्यात मला सगळ्यात आवडलेला तो, आणि मी तो जवळजवळ पळत बघितला, ते अजून मनात आहे. पुढच्या वेळी मुद्दाम अर्धा दिवस ठेवून गेले.

शेनाँसो म्हणजे शेर नदीवर पुलासारखा बांधलेला महाल. राजा दुसऱ्या आँरीने तो त्याच्या प्रेयसीला, दियान द प्वातिएला दिला, तिने नदीवर पूल बांधला, राजा गेल्यावर राणी कातरीन द मेदिचीने तिच्याकडून महाल काढून घेतला आणि त्याच पुलावर ६० मीटर लांबीचं दालन उभं केलं. दोघींच्या बागा आजही दोन बाजूंना वेगवेगळ्या आहेत. पहिल्या महायुद्धात त्याच दालनात जखमी सैनिकांचे पलंग लावले होते. दुसऱ्या महायुद्धात तर जर्मनांच्या ताब्यातला भाग आणि उरलेला फ्रान्स यांची हद्द या नदीवरून जायची, म्हणजे दालनाचं एक दार इकडे आणि दुसरं तिकडे. त्या दालनात खिडकीशी उभं राहायला वेळ पाहिजे हो काका.

म्हणून माझं म्हणणं असं की एका वेळी दोनच प्रांत घ्या. तुमच्यासाठी नॉर्मंडी, म्हणजे माँ साँ मिशेलकडचा उत्तरेचा किनारा, आणि लोआर, म्हणजे शेनाँसोसारख्या महालांचं खोरं. पॅरिस २ रात्री, बायो किंवा कां गावात ३, आंब्वाज किंवा तूरला ३, एक रात्र परतीला हाताशी. तीन रात्री एका हॉटेलात म्हणजे काकूंना एखाद्या दिवशी नको वाटलं तर त्या आरामात खोलीवर थांबू शकतात, आणि रोज हॉटेल बदलणाऱ्या टूरला हे जमतच नाही.

गुडघ्यांचं बोलू. माँ साँ मिशेल समुद्रातल्या खडकावरचा मठ आहे, गाडीतळापासून शटल बस मिळते पण ती दाराच्या अलीकडेच सोडते, आणि मठापर्यंत साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. काकूंनी वरपर्यंत जायचा आग्रह धरू नये. खालच्या पुलावरून भरतीचं पाणी येताना बघणं हेच मोठं आहे, मोठ्या भरतीला तिथे ओहोटी आणि भरतीच्या पाण्यात १४ मीटरपर्यंत फरक पडतो, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर राहिलेल्या माणसालाही हे बघून थक्क व्हायला होतं. शेनाँसोची वाट सपाट आहे, झाडांच्या रांगेतून. शाँबोरच्या महालात तो प्रसिद्ध दुहेरी जिना आहे, दोन जिने एकमेकांभोवती पिळलेले, एकावरून चढणारा आणि दुसऱ्यावरून उतरणारा एकमेकांना दिसतात पण भेटत नाहीत. कल्पना लिओनार्दो दा विंचीची असावी असं मानतात. काकूंनी खालून बघितला तरी चालेल.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी, सासूबाई अंडंही खात नाहीत. टूरमध्ये रोज इंडियन डिनर आहे म्हणतात, पण दुपारचं काय? (पुणे)

उत्तर : लहान गावात रोज इंडियन डिनर म्हणजे तुम्हाला त्यासाठी तासभर लांब शहरात नेणार का, ते आधी विचारा. मी बघितलंय, सहा वाजता छान उजेड असताना ग्रुपला जेवायला म्हणून गावातून उठवलं. उन्हाळ्यात तिकडे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, तो सगळा वाया गेला.

दुपारी हॉटेलची किचनं साधारण बारा ते दोन चालू असतात, अडीचला गेलात तर नाही म्हणतील आणि ते उद्धटपणा म्हणून नाही, किचन खरंच बंद असतं. नॉर्मंडीला लागून ब्रिटनी आहे, तिथला गालेत हा प्रकार शाकाहारी लोकांसाठी बरा, कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं असतं ते. फक्त मेन्यूवर "कॉम्प्लेत" लिहिलं असेल तर त्यात हॅम आणि अंडं असतं, तेव्हा चीज किंवा मशरूमचं मागा आणि "साँ जाँबाँ, साँ अफ" म्हणजे हॅम नको अंडं नको असं सांगा. सासूबाईंसाठी पिठातच अंडं घातलंय का हेही विचारा, काही ठिकाणी घालतात, आणि क्रेप म्हणजे गोड धिरड्यात तर असतंच.

ज्यावर फसायला होतं ते सांगते. कांद्याचं सूप बहुतेक वेळा बीफच्या पाण्यात केलेलं असतं. कीश लोरेन या खाऱ्या पायमध्ये डुकराचं मांस असतं. आणि चीज, कामाँबेअरसारखी पारंपरिक चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, हे तुमच्यात चालतं का ते घरात आधीच ठरवा, टेबलावर बसल्यावर नको. पाणी विकत घेऊ नका, "कराफ दो" म्हटलं की नळाचं पाणी फुकट देतात आणि ते चांगलं असतं. बाकी थेपले, मेतकूट, भाजलेले पोहे बॅगेत असू देत, कोणीही हसणार नाही.

प्रश्न : मी रत्नागिरीच्या शाळेत इतिहास शिकवतो. एवढं लांब जायचं तर आपल्या इतिहासाशी जोडलेलं काही बघता येईल का? (रत्नागिरी)

उत्तर : सर, हा प्रश्न कोणीतरी विचारावा असं मला फार वाटत होतं. दोन जागा सांगते. पहिली मार्सेय. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीतून याच बंदरात उडी मारली, पोहत धक्क्यावर चढले, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पुन्हा बोटीवरच्या ब्रिटिश पहाऱ्याच्या हवाली केलं. ते प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये लवादाने ठरवलं की ब्रिटनने त्यांना फ्रान्सकडे परत द्यायची गरज नाही. तुमच्या गावात त्यांनी पुढे स्थानबद्धतेची वर्षं काढली, त्यामुळे तुमच्या मुलांना हे बंदर वर्गात दाखवायला तुम्हाला वेगळाच हुरूप येईल. आणि याच मार्सेयला सप्टेंबर १९१४ च्या शेवटी पहिल्या महायुद्धासाठी हिंदी सैनिकांच्या पहिल्या तुकड्या उतरल्या, उन्हाळी कपड्यांत.

तिथून ते उत्तरेला गेले आणि तीच दुसरी जागा, लील शहराजवळचं नव्ह शापेल. १० ते १३ मार्च १९१५ ला तिथे लढाई झाली. स्मारक १९२७ चं, गोलाकार भिंत, माथ्याशी कमळ असलेला उंच स्तंभ, आणि भिंतीवर ४,७०० हून जास्त हिंदी सैनिकांची नावं, ज्यांची कबर किंवा चितेची जागा कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. मी गेले तेव्हा आमच्या ग्रुपशिवाय तिथे कोणी नव्हतं, आजूबाजूला शेतं, आणि स्तंभावर देवनागरी अक्षरं बघून आमच्यातल्या एक आजी एकदम गप्प झाल्या, मग त्यांनी भिंतीवरची नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि आम्ही सगळे ऐकत राहिलो. एवढं बसवाल्याला पटवून द्या सर, नॉर्मंडीच्या टूरला पॅरिसहून एक जादा दिवस लागतो पण जा. डी-डेच्या किनाऱ्यांवर सगळेच जातात, ६ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं ती जागाही बघावीच, कोलव्हीलच्या अमेरिकन दफनभूमीत नऊ हजारांवर पांढरे क्रूस आणि तारे ओळीने उभे आहेत, पण आपल्या लोकांच्या स्मारकावर आपणच गेलो नाही तर कोण जाणार.

प्रश्न : लास्कोची, आदिमानवाच्या चित्रांची खरी गुहा दाखवतच नाहीत, नक्कल दाखवतात असं कळलं. मग ती जिथे आहे त्या दोर्दोन्य भागात जाण्यात अर्थ आहे का? ही फसवणूक नाही का? (औरंगाबाद)

उत्तर : फसवणूक नाही, आणि तुम्हाला तर हे पटायला हवं कारण अजिंठा तुमच्या दारात आहे. लास्को १९४० च्या सप्टेंबरमध्ये चार मुलांना सापडली, १९४८ ला लोकांसाठी उघडली, आणि पंधरा वर्षांत माणसांच्या श्वासाने, उष्णतेने, दिव्यांनी भिंतींवर शेवाळ धरायला लागलं. सतरा हजार वर्षांच्या आसपास टिकलेले बैल आणि घोडे आपल्या श्वासाने जायला लागले म्हटल्यावर १९६३ ला बंदच केली. अजिंठ्यातही चित्रांच्या गुहेत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात आणि फ्लॅश मारू देत नाहीत, कारण तेच. २०१६ ला माँतिन्याकला उघडलेली लास्को ४ ही पूर्ण गुहेची प्रतिकृती आहे, भिंतीचा प्रत्येक उंचवटा मोजून केलेली, आत थंडावाही ठेवलाय. मी तिथे रडले होते, खरं सांगते. पण दोर्दोन्य नॉर्मंडीच्या टूरला जोडू नका, पुन्हा कधीतरी वेगळं जा.

प्रश्न : गाइड इंग्रजीत बोलणार, तेही फ्रेंच ढंगाचं. टूर मॅनेजर मराठी आहे तर तोच सगळीकडे का सांगत नाही? (डोंबिवली)

उत्तर : कारण म्युझियम आणि ऐतिहासिक वास्तूंच्या आत टूर कंपनीला परवानाधारक गाइडच लावावा लागतो, गिद काँफेराँसिए म्हणतात त्यांना, सरकारी कार्ड असतं. मराठी मॅनेजर आत उभा राहून भाषण द्यायला लागला तर अडचण होते. तेव्हा मॅनेजरला सांगा की बसमध्ये आधी अर्धा तास मराठीत गोष्ट सांग. रुआँच्या अलीकडे जोन ऑफ आर्कची सांगितली, १४२९ ला ऑर्लेआँचा वेढा उठवणारी शेतकऱ्याची मुलगी आणि ३० मे १४३१ ला त्याच रुआँच्या जुन्या बाजारात जिवंत जाळलेली, तर मग चौकात उतरल्यावर कोणाला इंग्रजी कळलं नाही तरी अंगावर काटा येतो. आणि हो, बायोचं ते ७० मीटर लांब भरतकाम, नॉर्मंडीच्या सरदाराने इंग्लंड जिंकलं त्या १०६६ च्या लढाईचं, ते बघायलाच जाणार असाल तर थांबा. म्युझियम सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्तीला बंद आहे, २०२७ मध्ये उघडायचं ठरलंय. कार्यक्रमात अजून त्याचं नाव छापलेलं असेल तर टूरवाल्याला लगेच विचारा, त्यावरून त्याने कार्यक्रम कधी तपासलाय ते कळेल.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावं आणि व्हिसा कधी टाकावा? (नागपूर)

उत्तर : मे-जून किंवा सप्टेंबर. फक्त १ मे टाळा, जवळजवळ सगळं बंद असतं. शेंगेन व्हिसा सहा महिने आधीपासून टाकता येतो, निदान अडीच-तीन महिने हातात ठेवा कारण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, फी ९० युरो आणि सेंटरचे चार्जेस वेगळे, ३० हजार युरोचा इन्शुरन्स लागतो. ग्रुप असला तरी बोटांचे ठसे द्यायला ज्याचं त्यालाच जावं लागतं. पॅरिसचं लूव्र म्युझियम मंगळवारी बंद, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी, आणि लूव्रचं तिकीट जानेवारी २०२६ पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्यांना ३२ युरो झालंय, ते टूरच्या किमतीत धरलंय का बघा.

प्रश्न : माझं वय ३९, एकटी आहे. ग्रुपमध्ये सगळी जोडपी असणार, मी त्यात कुठे बसू? खोलीचे जादा पैसेही मागतात. (ठाणे)

उत्तर : अगं, जा. जादा पैशाचं आधी विचार, बऱ्याच कंपन्या दुसऱ्या एकटीबरोबर खोली लावून देतात आणि मग ते पैसे वाचतात, पण अनोळखी बाईबरोबर झोप लागत नसेल तर सरळ भर, नऊ रात्रींची झोप महत्त्वाची. जोडप्यांचं म्हणशील तर दुसऱ्या दिवसापर्यंत बसमध्ये कोणाची जागा कुठली हे ठरून जातं, म्हणून पहिल्याच दिवशी पुढच्या दोन रांगांत बस आणि शेजारी जी काकू असेल तिला खिडकी दे. आमच्या ग्रुपमध्ये तुझ्याच वयाची एकटी आलेली एक मुलगी होती. आंब्वाजला मोकळ्या संध्याकाळी सगळे खरेदीला गेले आणि ती एकटीच किल्ल्यातल्या त्या छोट्या चॅपलमध्ये गेली जिथे लिओनार्दोची कबर आहे, १५१६ ला राजाच्या बोलावण्यावरून तो इथे आला आणि तीन वर्षांत इथेच गेला. परत आली तेव्हा म्हणाली, ताई, वीस मिनिटं आत मी एकटीच होते. तुझ्या टूरमध्ये अशी एखादी मोकळी संध्याकाळ आहे का, तेवढं बुक करायच्या आधी बघून घे.