‘सी जॅम ब्लूज’ ही जॅझ धून घरी एकट्याने रेकॉर्ड करायचंय. गिटार, कीबोर्ड, लॅपटॉप आहे. आधी कोणता ट्रॅक घ्यावा?

आधी बास (खालच्या सुरांची साथ) घ्या, कीबोर्डवर डाव्या हाताने, आणि मेट्रोनोमची (लय दाखवणाऱ्या यंत्राची) टिकटिक फक्त दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरून. म्हणजे टेम्पो मिनिटाला १४० मात्रा हवा असेल तर मेट्रोनोम ७० वर लावायचा. चारही मात्रांवर टिकटिक असली की स्विंग (जॅझचा झुलता ठेका) ताठ होतो, आणि मग वर काहीही चढवा, तो ताठपणा जात नाही. मी घरी असेच थर रचून रेकॉर्ड करतो, म्हणून सांगतोय. ड्यूक एलिंग्टनच्या या धूनमध्ये सूर दोनच, जी आणि सी. त्यामुळे सगळी गंमत साथीत! गिटारवर भरगच्च कॉर्ड नकोत, मूळ सूर बासकडे आहेच. सी सेव्हन कॉर्डचे फक्त ई आणि बी फ्लॅट दाबा. दोन्ही बोटं एकेक फ्रेट खालच्या सुराकडे सरकवली की एफ सेव्हनचे ई फ्लॅट आणि ए मिळतात. आठव्या बारमध्ये (बार म्हणजे चार मात्रांचा गट) ए सेव्हन घातला (पुढे डी मायनर सेव्हन, मग जी सेव्हन) की साधा ब्लूज जॅझकडे वळतो. सोलो सगळ्यात शेवटी. मात्र सोबत वाजवणारं कुणी मिळालं तर मेट्रोनोम बंद करा आणि बास-गिटार एकत्रच घ्या, लय थोडी हलली तरी चालेल.