स्पोलिया, अ‍ॅप्स, ओरान्स वगैरे: यादी पाठ करण्यापेक्षा एकेका शब्दाला एकेक वस्तू जोडा

तुमचा प्रश्न वाचला. कला-इतिहासाच्या ऑनलाइन कोर्समध्ये रोमन साम्राज्याच्या शेवटच्या काळाचा आणि सुरुवातीच्या मध्ययुगाचा भाग सुरू झाला आणि स्पोलिया, नार्थेक्स, अ‍ॅप्स, ओरान्स, आयकॉनोक्लाझम, क्लॉयझोने, कार्पेट पेज, वेस्टवर्क असे शब्द एकदम अंगावर आले, तर कोणी एका ओळीत प्रत्येकाचा अर्थ देईल का, आणि 'लेट अँटिक' व 'अर्ली ख्रिश्चन' एकच का. एका ओळीचे अर्थ कुठेही मिळतील हो, पण परीक्षेत किंवा म्युझियममध्ये ते उपयोगी पडत नाहीत असा माझा ठाम अनुभव आहे. ह्या काळातले बरेचसे शब्द एखाद्या वस्तूचं काय झालं ते सांगतात, ती कुठून काढली, कुठे लावली, कोणी पुसली. त्यामुळे वस्तू डोळ्यासमोर असली की शब्द आपोआप बसतो.

सुरुवात स्पोलियापासून करा. जुन्या इमारतीतून काढून नव्या इमारतीत बसवलेले खांब, दगड, शिल्पं म्हणजे स्पोलिया. रोममध्ये कोलोसियमच्या शेजारी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची कमान आहे, ३१५ सालची, ३१२ मध्ये त्याने मॅक्सेंशियस ह्या प्रतिस्पर्धी सम्राटाला मिल्व्हियन पुलापाशी हरवलं त्या विजयाची. तिचे फोटो झूम करून बघा. शिकारीची आणि यज्ञाची गोल शिल्पं हेड्रियन ह्या आधीच्या सम्राटाच्या काळातली, वरचे चौकोनी पॅनल मार्कस ऑरेलियससाठी केलेले, डेशियन कैद्यांचे पुतळे आणि लढाईचे मोठे पट ट्रेजनच्या काळातले, आणि ह्या जुन्या शिल्पांमधल्या सम्राटांचे चेहरे पुन्हा कोरून घेतले. ह्या सगळ्यांच्या मधून कॉन्स्टंटाइनच्या स्वतःच्या कारागिरांची एक अरुंद पट्टी जाते. तिच्यात माणसं बुटकी, डोकी मोठी, सगळे एका रांगेत एकसारखे उभे, आणि सम्राट बरोब्बर मध्ये, थेट आपल्याकडे तोंड करून. ह्याला फ्रंटॅलिटी म्हणतात, आणि महत्त्वाच्या माणसाला बाकीच्यांपेक्षा मोठा दाखवणं म्हणजे हायरार्किक स्केल. एकाच कमानीवर तीन शब्द झाले बघा.

आता ही पट्टी बघून 'कला घसरली' असं म्हणायची फार जुनी सवय आहे. राफाएलने १५१९ च्या सुमारास पोप दहाव्या लिओसाठी लिहिलेल्या पत्रात कमानीच्या बांधणीचं कौतुक केलंय आणि तिच्या काळातल्या शिल्पांना नावं ठेवलीयत. पुढे कितीतरी शतकं हेच चाललं. १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या अलॉइस रीगल ह्या कला-इतिहासकाराने पहिल्यांदा जोर लावून मांडलं की बाबांनो, ही घसरण नाहीये, ह्या लोकांना वेगळंच काहीतरी हवं होतं. मला हे शंभर टक्के पटतं. सम्राट पैसे वाटतोय आणि लोक हात वर करून घेतायत हे लांबून, खालून, गर्दीत उभं राहूनसुद्धा कळावं अशी ती पट्टी आहे, आणि ते कळतं. शरीराचे स्नायू दाखवणं हे त्यांचं कामच नव्हतं. म्हणून कोर्सच्या नोट्समध्ये कुठे डिक्लाइन हा शब्द दिसला तर तिथे थांबा आणि हे कोण म्हणतंय, कधी म्हणतंय ते बघा.

ह्याच्याच जोडीला चार टेट्रार्कांचा पुतळा घ्या, साधारण ३०० सालचा. चार सम्राट दोन-दोनच्या जोडीने एकमेकांना मिठी मारून उभे, एक हात तलवारीवर, आणि चौघंही जवळजवळ सारखेच दिसतात, कारण सांगायचंच ते होतं की सत्ता चौघांत आहे पण एक आहे. दगड पॉर्फिरी, इजिप्तच्या पूर्वेकडच्या वाळवंटातला जांभळा, कोरायला महाकठीण. सध्या तो व्हेनिसमध्ये सान मार्को चर्चच्या कोपऱ्यात बसवलेला आहे, १२०४ च्या क्रुसेडमध्ये (ख्रिश्चन धर्मयुद्धात) कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, लुटलं गेलं तेव्हा तिथून आणलेला. एका सम्राटाचं पाऊल नव्हतं, ते १९६० च्या दशकात इस्तंबूलच्या उत्खननात सापडलं! म्हणजे हा पुतळा स्वतःच पुढे स्पोलिया झाला. आणि फ्रँक लोकांचा राजा शार्लमेनने जर्मनीतल्या आखेनचं चॅपल बांधलं तेव्हा इटलीतल्या रोम आणि राव्हेन्नाहून खांब आणि संगमरवर मागवला, पोप पहिल्या हेड्रियनने राव्हेन्नाच्या राजवाड्यातून न्यायची परवानगी दिली. मग फ्रेंच क्रांतीच्या काळात फ्रेंचांनी त्यातले काही खांब पॅरिसला नेले, थोडे परत आले, काही अजून लूव्रमध्ये आहेत. दगड स्वस्तात मिळाला म्हणून वापरला, एवढंच स्पोलियाचं कारण नसतं. जुन्या रोमचा मान आपल्या भिंतीत यावा ही इच्छा पण असते, आणि बहुतेक वेळा दोन्ही असतं.

इमारतीचे शब्द पटकन सांगतो. बॅसिलिका ही मुळात रोमन लोकांची कोर्ट-कचेरी, व्यापार, दरबार ह्यांची मोठी लांबट सभागृहं. जर्मनीतल्या ट्रियरला कॉन्स्टंटाइनचा दरबार हॉल अजून उभा आहे, आत गेल्यावर छाती दडपते म्हणतात ते खरंय. ख्रिश्चन लोकांना देवळासारखी नाही तर गर्दी आत मावेल अशी जागा पाहिजे होती म्हणून त्यांनी हा आराखडा उचलला. मधला लांब भाग नेव्ह, खांबांपलीकडचे बाजूचे पट्टे आइल, टोकाचा अर्धगोल अ‍ॅप्स, वरच्या खिडक्यांची रांग क्लियरस्टोरी, आणि दारापाशी आडवा ओटीसारखा भाग नार्थेक्स, जिथे बाप्तिस्मा न झालेली मंडळी थांबायची. हे सगळं एकत्र बघायचं तर रोमचं सांता साबिना, ४२२ ते ४३२, चोवीस जुळते खांब, तेही आधीच्या कुठल्यातरी रोमन इमारतीतले. तुम्ही कार्ल्याचं चैत्यगृह बघितलं असेल तर नेव्ह, आइल, अ‍ॅप्स तिथेही आहेत आणि अभ्यासक तिथेही हेच शब्द वापरतात, मात्र ते ह्या चर्चेसच्या कितीतरी आधीचं. आणि गोव्याच्या बॉम जेझसला बॅसिलिका म्हणतात तो १९४६ मध्ये पोपने दिलेला दर्जा आहे, आराखड्याशी त्याचा संबंध नाही. ह्यात घोटाळा करू नका.

ओरान्स म्हणजे दोन्ही हात वर करून तळवे समोर ठेवून प्रार्थना करणारी आकृती, रोमच्या प्रिस्किलाच्या कॅटाकोम्बमधली (जमिनीखालच्या दफनभूमीतली) डोक्यावरून वस्त्र घेतलेली बाई बघा, तिसऱ्या शतकातली. ही मुद्रा ख्रिश्चनांनी शोधलेली नाही, रोमन नाण्यांवर 'पिएतास' म्हणून आधीपासून आहे. इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. 'अर्ली ख्रिश्चन' म्हटलं की फक्त ख्रिश्चन विषयाच्या वस्तू, 'लेट अँटिक' म्हटलं की त्या काळातलं सगळं, ज्यू, मूर्तिपूजक, दरबारी, घरगुती. सिरियातल्या ड्युरा-युरोपोसला एकाच गावात तिसऱ्या शतकातलं घरातलं चर्च, चित्रांनी भरलेलं सिनॅगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) आणि मिथ्रा देवाचं मंदिर सापडलं. तिथले चित्रकार एकाच पद्धतीने काम करतायत, मग त्यांना वेगवेगळ्या प्रकरणांत का टाकायचं? मी स्वतः लेट अँटिकच वापरतो.

आता राव्हेन्ना, ह्याच्यावर वेळ घालवा, दोन संध्याकाळी गेल्या तरी चालेल. मोझेकच्या छोट्या तुकड्यांना टेसेरी म्हणतात, सोनेरी टेसेरीत काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख असतो, आणि तुकडे मुद्दाम थोडे तिरके बसवले की दिव्याचा उजेड हलेल तशी भिंत चमकते. सान व्हिताले चर्च, ५४७, अ‍ॅप्सच्या एका बाजूला सम्राट जस्टिनियन आणि समोर त्याची राणी थिओडोरा. जस्टिनियन राव्हेन्नाला कधी आलाच नाही, तरी वेदीच्या शेजारी कायमचा उभा आहे, आणि नाव मात्र लिहिलंय फक्त बिशप मॅक्सिमियानचं! पण माझं सगळ्यात आवडतं मोझेक सांत अपोलिनारे नुओवोमधलं राजवाड्याचं. चर्च बांधलं गॉथ राजा थिओडोरिकने, तो ख्रिस्ताला देवाच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियन पंथाचा. ५४० मध्ये बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, सैन्याने शहर घेतलं, पुढे चर्च कॅथलिकांकडे गेलं आणि कमानींमध्ये उभ्या असलेल्या दरबारी आकृती काढून तिथे पडदे बसवले, पण काही खांबांवर त्या माणसांचे हात राहून गेले. नुसते हात, मागे पडदा. आठवण पुसून टाकायच्या ह्या प्रकाराला डॅम्नाशिओ मेमोरियाए म्हणतात आणि हे चित्र एकदा बघितलं की तो शब्द परत शोधावा लागणार नाही.

आयकॉनोक्लाझम, म्हणजे पवित्र चित्रं पुसणं-फोडणं, हा वेगळा मामला, तिथे भांडण एका राजाशी नव्हतं, पवित्र व्यक्तींचं चित्र काढावं की नाही ह्यावरच होतं. बायझंटाइन साम्राज्यात आठव्या शतकापासून ७८७ पर्यंत आणि मग ८१५ ते ८४३. त्या काळात काय चालायचं ते इस्तंबूलच्या आया इरिनी चर्चच्या अ‍ॅप्समध्ये दिसतं, सोनेरी पार्श्वभूमीवर फक्त एक क्रॉस. ह्याच्या आधीचे आयकॉन, म्हणजे पवित्र व्यक्तींची पूजेची चित्रं, फार थोडे उरलेत आणि त्यातले उत्तम सिनाईच्या सेंट कॅथरिन मठात आहेत, कारण तोपर्यंत तो भाग मुस्लिम राज्यात गेलेला आणि सम्राटाचा हुकूम तिथे चालत नव्हता. तिथला सहाव्या शतकातला ख्रिस्त एन्कॉस्टिक आहे, म्हणजे गरम मेणात रंग कालवून रंगवलेला. चेहऱ्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या आहेत, एकेक अर्धा झाकून बघा.

उत्तरेकडचं थोडक्यात. क्लॉयझोने म्हणजे सोन्याच्या बारीक पट्ट्यांची घरं करून त्यात रत्न किंवा काच बसवणं. इंग्लंडच्या सटन हू इथे १९३९ मध्ये सापडलेल्या सातव्या शतकातल्या जहाज-दफनातले खांद्याचे बकल बघा, लाल गार्नेटने भरलेले. युरोपातल्या ह्या प्रकारच्या दागिन्यांतले, विशेषतः पाचव्या-सहाव्या शतकातले, बरेचसे गार्नेट भारतातून गेलेले असल्याचं रासायनिक तपासणीत निघालंय, त्यामुळे 'डार्क एजेस'मध्ये व्यापार बंद पडला होता असं कोणी म्हणालं तर हे पुढे ठेवा. ह्याच घरांच्या नक्ष्या आणि एकमेकांना चावणारे प्राणी पुढे वासराच्या कातड्याच्या पानांवर आले, लिंडिसफार्न गॉस्पेल्स ह्या हस्तलिखितात, साधारण ७०० च्या आसपास. अक्षर नाही, माणूस नाही, पूर्ण पानभर नक्षी म्हणजे कार्पेट पेज. ब्रिटन-आयर्लंडच्या ह्या शैलीला इन्सुलर म्हणतात. ह्याच शैलीतलं बुक ऑफ केल्स हे हस्तलिखित डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने ऑनलाइन फुकट ठेवलंय, त्यातलं ख्रिस्ताच्या नावाच्या पहिल्या दोन ग्रीक अक्षरांचं कायरो पान मोठं करून बघा, मांजरं आणि उंदीर सापडतील.

राहिलं वेस्टवर्क. चर्चच्या पश्चिम टोकाला बांधलेला किल्ल्यासारखा बहुमजली दर्शनी भाग, कॅरोलिंजियन, म्हणजे शार्लमेनच्या घराण्याच्या, काळातला. जर्मनीतलं कोर्व्हाय बघा, ८७३ ते ८८५, त्या काळचं बऱ्यापैकी शाबूत उरलेलं हे एकच आहे. वरच्या मजल्यावर नवव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत आणि त्यात चक्क ग्रीक महाकाव्यातला ओडिसियस स्किला राक्षसिणीशी लढतोय, मठाच्या चर्चमध्ये. कोर्समध्ये पेपर लिहायला विषय निवडायचा असेल तर हा घ्या, ह्यावर लिहिण्यासारखं भरपूर आहे.