गेम कंट्रोलर हाताला आरामदायी कशामुळे वाटतो, आणि हालचालीने खेळण्यात एवढे आकर्षण काय आहे?

माझ्या मते आराम हा कंट्रोलरच्या वजनापेक्षा, तो धरल्यावर मनगट आणि खांदे कोणत्या स्थितीत राहतात यावर अधिक अवलंबून असतो. नेहमीच्या कंट्रोलरवर दोन्ही हात जवळजवळ जखडल्यासारखे राहतात. निन्टेन्डोने २००६ मध्ये आणलेल्या वी या गेमिंग यंत्रात मात्र रिमोट एका हातात आणि नन्चक (रिमोटला तारेने जोडलेला छोटा कंट्रोलर) दुसऱ्या हातात असल्यामुळे, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर किंवा मांडीवर सैल ठेवून निवांत खेळता येते. या सोयीचे कौतुक फार कमी होते, याची मला खंत वाटते.

हालचालीचे आकर्षण सहज समजण्यासारखे आहे, कारण ज्यांनी कधी बटणे हाताळलेली नाहीत, त्यांनाही टेनिसची रॅकेट कशी फिरवायची हे शिकवावे लागत नाही. वीच्या मूळ रिमोटमध्ये त्वरणमापक (हालचालीचा वेग कसा बदलतो ते मोजणारा सेन्सर) आणि इन्फ्रारेड कॅमेरा होता, पण जायरोस्कोप (फिरणे आणि वळणे मोजणारा सेन्सर) नसल्याने मनगटाचे वळण अचूक ओळखले जात नसे. ती उणीव २००९ च्या मोशनप्लस जोडणीने बरीचशी भरून काढली. आज निन्टेन्डोचे स्विच आणि सोनीचे प्लेस्टेशन ५ या गेमिंग यंत्रांच्या कंट्रोलरमध्ये जायरोस्कोप असतो, आणि ज्या खेळांत तशी सोय आहे, तिथे ढोबळ नेम स्टिकने (अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांडीने) धरून बारीक दुरुस्ती मनगटाच्या हलक्या झुकावाने करणे मला सर्वांत सुखाचे वाटते. मनगट लवकर थकत असेल, तर सेटिंगमध्ये जायरोची संवेदनशीलता थोडी वाढवून पाहावी, म्हणजे कमी हालचालीत तेवढाच नेम साधता येतो.