सदाफुली, केमिस्ट्री आणि साठ मार्क

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला, बी ग्रुप (म्हणजे बायोलॉजीवाला). शेजारच्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. त्याच्या उपचारातलं एक इंजेक्शन सदाफुलीपासून मिळतं हे कळल्यापासून 'मला असंच औषध शोधायचंय' हे तिचं पालुपद. घरचे म्हणतात बीएएमएस कर, नाहीतर फार्मसी. बायोत नव्वदच्या घरात, केमिस्ट्रीत जेमतेम साठ. ता.क. आजोबा मधुमेहासाठी सदाफुलीची पानं चावतात.

नमस्कार,

आधी ता.क.बद्दल. आजोबांची पानं आजच बंद करा आणि त्यांच्या डॉक्टरांना सांगा. हे झाड विषारी आहे.

गंमत अशी की मधुमेहाच्या याच समजुतीमुळे औषध हाती लागलं. १९५२ साली जमैकातून सदाफुलीची पानं कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोचली. अर्क दिलेल्या उंदरांची साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यातून विनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध वेगळं केलं. याच झाडातलं विनक्रिस्टिन अमेरिकेत १९६३ साली मंजूर झालं आणि लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही दिलं जातं.

आता मुलीचं. सदाफुलीत शंभराहून जास्त अल्कलॉइड्स (वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त रसायनं) आहेत आणि विनक्रिस्टिन त्यात नावापुरतं, शेकडो किलो वाळल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर. म्हणजे काम काय? अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग ल्युकेमियाच्या पेशींवर तपासायचा, ज्याने पेशी मेल्या तो पुन्हा फोडायचा. असं करत एक शुद्ध रेणू उरला की एनएमआर या चुंबकीय यंत्रावर त्याची रचना उलगडायची. आणि बशीतल्या पेशी मारणारे अर्क ढिगाने सापडतात. निरोगी पेशींना कमी इजा करणारा क्वचित. झाड अचूक ओळखायला वनस्पतीशास्त्र लागतंच, पण दिवसाचे बहुतेक तास केमिस्ट्रीत जातात. म्हणून मला बायोच्या नव्वदपेक्षा ते साठ महत्त्वाचे वाटतात.

मार्क कमी का, हे तिला विचारा. ऑरगॅनिकच्या रिअ‍ॅक्शन्स पाठ होत नाहीत, एवढंच असेल तर चिंता नाही. पेपर क्रोमॅटोग्राफीच्या प्रॅक्टिकलला रंगांचे पट्टे वेगळे होताना तिला मजा आली का? तेही कंटाळवाणं वाटलं असेल तर या वाटेला लावू नका. तिची कणव खरी असली तरी त्या जोरावर दहा वर्षं अर्काचे भाग पाडणाऱ्या नळीपाशी, कॉलमपाशी, उभं राहता येत नाही.

मजा आली असेल तर माझं मत बी.फार्म.ला. प्रवेश गुजकेट या गुजरातच्या प्रवेश परीक्षेवर मिळतो, आणि त्यात वनस्पतीजन्य औषधांचा विषय, फार्माकॉग्नोसी, असतोच. शिवाय पुढे मन बदललं तरी वडोदऱ्यात औषध कंपन्या कमी नाहीत. अलेम्बिक तर १९०७ पासूनची. पुढे जीपॅट ही एम.फार्म.साठीची परीक्षा, मग गांधीनगरचं नायपर ही औषधशास्त्राची संस्था किंवा तसंच ठिकाण, मग पीएच.डी. रेणूंच्या रचनेतच जीव रमला तर केमिस्ट्रीत बी.एस्सी.-एम.एस्सी. जास्त सरळ पडेल. सयाजीराव विद्यापीठात ती सोय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून संशोधनाची फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात, त्यामुळे 'पंचविशीनंतरही आमच्यावरच का?' ही काळजी थोडी कमी करा.

बीएएमएस तिला पेशंट बघायचे असतील तरच. त्या पदवीनंतर संशोधन बंद होत नाही, पण रेणू वेगळे करण्याचं शिक्षण तिला तिथे वेगळं मिळवावं लागेल.