शांत सहकाऱ्याचा होकार किती खरा?

समुपदेशनासाठी येणाऱ्या व्यवस्थापकांकडून एक तक्रार मी वारंवार ऐकते. "आमच्याकडे एक जण आहे. कधी चिडत नाही, कुणाशी वाद नाही, दिलेलं काम करतो. पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही आणि नवीन काही काढलं की थंड. त्याला कामात रस नाही की माझ्यावर राग आहे, तेच कळत नाही." असं म्हणणारे बहुतेक वेळा स्वतः झपाट्याने काम करणारे असतात आणि त्यांची काळजी खरी असते. अशाच एका अनुभवाबद्दल लिहिते आहे, संबंधित दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ती नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर. वय चाळिशीच्या अलीकडे. कारखान्यात गाड्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग बनतात. प्रेस शॉप, वेल्डिंग आणि सगळ्या डाय, म्हणजे पत्रा कापायचे आणि त्याला आकार द्यायचे साचे, सांभाळणारी टूलरूम. टूलरूमचे प्रमुख तिच्यापेक्षा बरेच मोठे, त्याच कारखान्यात केस पिकलेले. शॉपमध्ये सगळे त्यांना काका म्हणतात, तीही म्हणते. ती आली तेव्हा हातात एक रिपोर्ट होता. एचआरने व्यक्तिमत्त्वावर प्रशिक्षण ठेवलं होतं, त्यातल्या डिस्क चाचणीचा. "मॅडम, काका एस टाइप निघालेत. म्हणजे शांत, स्थिर. आता अशा माणसाकडून काम कसं करून घ्यायचं ते सांगा."

घडलं होतं ते असं. ग्राहकाच्या ऑर्डरी लहान लहान लॉटमध्ये यायला लागल्या, त्यामुळे प्रेसवरची डाय दिवसातून अनेकदा बदलावी लागत होती. त्यात जाणारा वेळ वाचवायला तिने नवं वेळापत्रक तयार केलं, सोमवारच्या मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवलं आणि उद्यापासून लागू म्हणून सांगितलं. "चालेल ना सगळ्यांना?" कुणी काही बोललं नाही. काका म्हणाले, "ठीक आहे मॅडम." पण पुढे टूलरूममधून डाय उशिरा यायला लागल्या. काका जुन्या रजिस्टरप्रमाणेच काम करत होते. एके दिवशी तिने सगळ्यांसमोर आवाज चढवला. काका पुन्हा "ठीक आहे" म्हणाले आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या युनिटला बदलीसाठी अर्ज देऊन आले.

"समोर हो म्हणायचं आणि मागून अडवायचं, असा माणूस आहे हा," ती म्हणाली. रागाच्या खाली भीती होती. काका गेले तर टूलरूम कोण सांभाळणार?

आधी रिपोर्ट बाजूला ठेवला. डिस्कमागचा चार वर्तनशैलींचा विचार विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये मांडला. त्याने स्वतः कुठलीही चाचणी बनवली नव्हती, त्या पुढे इतरांनी तयार केल्या. संवाद सुरू करायला अशी चाचणी उपयोगी पडते, पण माणसाच्या कपाळावर एक अक्षर चिकटवलं की त्याच्याशी बोलायची गरज संपल्यासारखी वाटते, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे होतं. तिच्या डोक्यात अजून एक समज पक्का होता, की बोलका माणूस म्हणजे तळमळीचा माणूस. १९९१ मध्ये मरे बॅरिक आणि मायकेल माउंट या संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. सगळ्या प्रकारच्या व्यवसायांत चांगल्या कामाशी सातत्याने जोडलेला गुण निघाला तो कर्तव्यदक्षता. बहिर्मुखतेचा संबंध दिसला तो मुख्यतः विक्री आणि व्यवस्थापनाच्या कामात. टूलरूममध्ये धार लावणाऱ्या माणसाकडून आपण सेल्समनचा उत्साह मागत असू, तर मागणीच चुकीची आहे.

मग मी एक गोष्ट तपासून घेतली, आणि ती प्रत्येकाने तपासावी असं मला वाटतं. काका पहिल्यापासून असेच आहेत, की हल्ली गप्प झाले आहेत? डब्याला सगळ्यांबरोबर बसणं सुटलं आहे का, रजा वाढल्या आहेत का, कधी न होणाऱ्या चुका होत आहेत का? असा बदल दिसला तर तो स्वभाव नसतो. घरचं संकट असेल, आजार असेल, नैराश्य असेल. तिथे काम करून घेण्याच्या युक्त्या शोधू नयेत, आधी आपुलकीने चौकशी करावी. गरज वाटली तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १४४१६ वर आहे आणि मराठीतून बोलता येतं. काकांच्या बाबतीत तसं काही नव्हतं. ते कायमचेच कमी बोलणारे.

"गेल्या वर्षभरात टूलरूममुळे लाइन कधी कधी थांबली, ते आठवून सांगा," मी म्हटलं. तिने बराच वेळ आठवलं. एक प्रसंग सापडला, पण ती चूक डायची नव्हती, प्रेसचा क्लच गेला होता. उलट डिस्पॅच सांभाळणाऱ्या तरुणाने रात्र रात्र जागून माल कसा पोचवला, हे तिला भराभर आठवलं. वर्षाचं बक्षीसही त्यालाच मिळालं होतं. तो माल मुळात उशिरा का निघायचा, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. धावपळ करून सावरलेलं काम सगळ्यांना दिसतं. जे बिघडलंच नाही, त्याची कुठे नोंद होत नाही. ती गप्प झाली, मग म्हणाली, "अप्रेझलमध्ये मी काकांना सरासरी दिलं आहे."

काकांना मी भेटले ते त्यांनी स्वतः होकार दिल्यावरच. एचआरने ढकललेल्या माणसाशी बोलणं होत नाही. ते आले, खुर्चीत सरळ बसले, आणि माझ्या प्रश्नानंतर इतका वेळ थांबले की दुसऱ्या कुणी मधेच बोलायला सुरुवात केली असती. मी थांबले. मग त्यांनी सविस्तर सांगितलं. कापणाऱ्या डायची धार प्रेसच्या ठरावीक ठोक्यांनंतर बोथट होते. वेळेवर ग्राइंडिंग केलं नाही तर भागाच्या कडेला बर, म्हणजे पत्र्याची खरबरीत किनार, येते आणि रिजेक्शन वाढतं. नव्या वेळापत्रकात डाय उतरली की लगेच दुसऱ्या प्रेसवर चढवायची होती, धार लावायला मधे वेळच ठेवलेला नव्हता. म्हणून ते गुपचूप जुन्या पद्धतीने धार लावत राहिले आणि डाय उशिरा जात राहिली.

"हे मीटिंगमध्ये का नाही सांगितलं?"

"मॅडमनी स्वतः मेहनत करून बनवलं होतं ते. सगळ्यांसमोर चूक काढायची? शॉपमधली काही माणसं आधीच बाईचं ऐकायला तयार नव्हती. मी बोललो असतो तर त्यांना अजून फावलं असतं."

"आणि नंतर केबिनमध्ये जाऊन?"

"केबिनमध्ये गेलं की लोक म्हणतात, तक्रार करायला गेला."

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न विचारला किंवा चूक दाखवली तर आपला अपमान होणार नाही, असा भरवसा ज्या गटात असतो, तो गट जास्त शिकतो, असं त्यांना दिसलं. काकांच्या बोलण्यात त्यापलीकडचं एक होतं, आणि ते आपल्याकडच्या कामाच्या जागी मला पुष्कळदा दिसतं. शांत माणूस नेहमी स्वतःसाठी घाबरून गप्प बसतो असं नाही. समोरच्याचा मान राखायला तो गप्प बसतो. हे चांगुलपण आहे, आणि तरीही त्यामुळे तिचं नुकसान झालं, हे मी काकांना स्पष्ट सांगितलं. तिला आठवडे न् आठवडे चुकीच्या माहितीवर काम करावं लागलं. शांतता टिकवण्याची किंमत दुसऱ्याने भरायची, हे बरोबर नाही. त्यांना ते लागलं. पण पटलं.

दोघांना एकत्र बसवलं तेव्हा गोष्टी फार अवघड राहिल्या नाहीत. बदल सांगायचा असेल तर मीटिंगच्या आदल्या दिवशी तिने टूलरूममध्ये जायचं, ग्राइंडरजवळ उभं राहूनच बोलायचं. म्हणजे केबिनचा प्रश्नच नाही. कागद दाखवायचा आणि "चालेल ना?" असं विचारायचं नाही, "हे कुठे अडेल?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला भिडस्त माणूस हो म्हणून मोकळा होतो. दुसऱ्याला उत्तर देताना त्याला आपलं ज्ञान वापरता येतं आणि कुणाचा अपमान होत नाही. बदल का करायचा आहे, ते कारणही सांगायचं, कारण स्थिर माणसांचा विरोध बदलाला जितका असतो त्याहून अचानकपणाला जास्त असतो. काकांकडून एकच गोष्ट मागितली. पटलं नसेल तर दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपायच्या आत तिला सांगायचं, तोंडी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी लिहून. आणि अजून एक मुद्दा तिचा तिनेच काढला. काका नाही म्हणत नाहीत म्हणून इतरांची तुंबलेली कामं त्यांच्याकडे सरकवली जात होती. ते तिने थांबवायचं ठरवलं.

आवाज चढवला होता तो सगळ्यांसमोर. माफी एकट्यात मागितली तर काकांना ती पुरली असती, पण ती म्हणाली की जिथे बोलले तिथेच मागेन. आणि तिने मागितली.

नवं वेळापत्रक आधी एकाच प्रेसवर चालवून पाहिलं. धार लावायची वेळ दिवसांवरून न ठरवता ठोक्यांवरून ठरवली, तेव्हा दोघांचंही म्हणणं बसलं. बदलीचा अर्ज काकांनी मागे घेतला. मीटिंगमध्ये ते आजही बोलत नाहीत, आणि तिला त्यांचा वेग आजही कमी वाटतो. काही बाबतीत तिचं बरोबरही आहे. वर्षानुवर्षं टूलरूमचं सगळं ज्ञान काकांच्या डोक्यात आणि एका जुन्या वहीत राहिलं, हाताखाली कुणी तयार झालं नाही. विश्वासू माणसावर सगळं सोडून निर्धास्त राहण्यातला हा धोका कंपनीच्या लक्षात कधी आलाच नव्हता. आता आयटीआय झालेला एक मुलगा त्यांच्या हाताखाली दिला आहे. तो सहा महिन्यांत तयार व्हावा असं तिला वाटतं. काका म्हणतात, वर्ष लागेल. त्यावर अजून त्यांचं एकमत झालेलं नाही, पण वर्ष लागेल हे काकांनी तिला पहिल्याच दिवशी, ग्राइंडरजवळ उभं राहून सांगितलं.